शनिवारनंतर शुक्रवार

वारांची नावं ग्रहांवरून आली, हे शाळकरी पोरही सांगतं. पण रवीनंतर सोमच का, सोमानंतर मंगळच का? आकाशात हा क्रम कुठेच दिसत नाही. त्याची किल्ली 'होरा' या शब्दात आहे.

जुन्या ज्योतिषांनी ग्रह मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत मांडले : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या 24 होरा याच क्रमाने ग्रहांना वाटल्या. पहिल्या होरेचा जो स्वामी, त्याचा तो वार. शनीपासून निघालात की तीन फेऱ्यांत 21 होरा संपतात, उरलेल्या तीन शनी, गुरू, मंगळ घेतात. दुसऱ्या दिवशीची पहिली होरा रवीची! पुढे सोम, मग मंगळ.

हा 'होरा' कुठला? वराहमिहिर 'बृहज्जातका'त एक मत नोंदवतो : 'अहोरात्र'चं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की होरा. मोहक आहे, पण मला पटत नाही. शब्दाची दोन्ही टोकं एकदम छाटायची, ती हवा तो शब्द उरावा म्हणूनच. त्याच ग्रंथात केंद्र, द्रेष्काण, आपोक्लिम हे ग्रीक शब्द उघड नांदतात, आणि ग्रीकमध्ये 'होरा' म्हणजे तास.

माझा खरा पुरावा मात्र आकडेमोडीचा. आपला दिवस 60 घटकांचा. एका संध्याकाळी पंचांगाच्या मागच्या पानावर मी होरांऐवजी घटका वाटून पाहिल्या. शनीनंतर शुक्र आला, मग गुरू, बुध, मंगळ, सोम, रवी. अख्खा आठवडा उलटा! 30 मुहूर्त वाटले, तर शनीनंतर मंगळ. आपला वारक्रम 24 भागांच्या दिवसातूनच निघतो, आणि ती वाटणी मुळात इजिप्तची.

रोमन इतिहासकार डिओ कॅसियस होरांसोबत दुसरीही उपपत्ती देतो, संगीतातल्या चौथ्या स्वराच्या अंतराची. क्रम तिनेही जुळतो. पण दिवस ग्रहाच्या मालकीचा का, हे ती सांगत नाही. होरा सांगते. म्हणून माझा कौल होरेला.

इसवी सन 79 मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईतल्या एका भिंतीवर शनीपासून सुरू होणारी वारांची यादी आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या बुधगुप्ताच्या स्तंभलेखात, 484 साली, 'सुरगुरूचा दिवस' म्हणजे गुरुवार कोरलेला आहे.

पुढे 'होरा' हाच शब्द पोर्तुगिजांबरोबर गोव्यात पुन्हा उतरला. कोकणीत आजही 'पांच वरांचेर' म्हणतात, तो 'वर' म्हणजे होराच.