पेंटामिडीन : श्वासातून दिलेल्या औषधाचा इतिहास #थ्रेड

१/ १९८१ च्या पूर्वार्धात अटलांटा येथील अमेरिकी रोगनियंत्रण केंद्रात सँड्रा फोर्ड या तंत्रज्ञ महिलेला एक विसंगती जाणवली. पेंटामिडीन या क्वचितच लागणाऱ्या औषधाची मागणी अचानक वाढली होती. रुग्ण होते तरुण पुरुष आणि त्यांची प्रतिकारशक्ती ढासळण्याचे कोणतेही ज्ञात कारण नव्हते. ५ जून रोजी केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. एड्सच्या लिखित इतिहासाचा आरंभ येथून होतो.

२/ पेंटामिडीन हे मूळचे परोपजीवींवरील औषध. ते आफ्रिकेतील निद्रारोगावर आणि भारतात काळा आजारावर वापरले गेले. या तरुणांना झालेला न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाही तेव्हा परोपजीवीजन्य मानला जाई. युद्धोत्तर युरोपातील अनाथालयांत त्याने कुपोषित बालकांचे बळी घेतले होते आणि १९५८ मध्ये हंगेरीतील डॉक्टरांनी त्यावर पेंटामिडीन वापरले होते. (१९८८ मध्ये जनुकीय अभ्यासातून हा जंतू बुरशीच्या कुळातील ठरला.)

३/ औषध गुणकारी होते, परंतु इंजेक्शनाने दिल्यास ते सर्व शरीरात पसरे. मूत्रपिंडांना इजा होई, रक्तदाब कोसळे, स्वादुपिंड दुखावून रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटे. रोग फुप्फुसांत आणि विषबाधा मात्र सर्वांगाला, असा हा पेच होता.

४/ त्यावर उपाय निघाला तो नेब्युलायझरचा. द्रावणाचे तुषार करून रुग्णाने ते श्वासाबरोबर आत घ्यायचे. यात कणांचा आकार निर्णायक असतो. मोठे कण घशात आणि श्वासनलिकांतच अडकतात. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात. औषध तेथेच साठते आणि रक्तात अत्यल्प उतरते.

५/ मात्र खरा संघर्ष प्रतिबंधाचा होता. कर्करोगग्रस्त मुलांमध्ये को-ट्रायमोक्साझोल या स्वस्त गोळीने हा न्यूमोनिया टाळता येतो, हे वॉल्टर ह्यूजेस यांनी १९७७ मध्येच दाखवले होते. १९८७ मध्ये मायकेल कॅलन आणि इतर कार्यकर्त्यांनी एड्सग्रस्तांसाठी प्रतिबंधक उपचारांच्या अधिकृत सूचना मागितल्या. पुरावा अपुरा आहे, असे उत्तर मिळाले. दरम्यान, टाळता येण्याजोग्या आजाराने माणसे मरत राहिली.

६/ मग तो पुरावा वस्त्यांमधील दवाखान्यांनीच उभा केला. अनेक एड्सग्रस्तांना सल्फायुक्त गोळ्यांमुळे ताप आणि पुरळ येई. त्यामुळे श्वासातून घेण्याच्या पेंटामिडीनचे महत्त्व वाढले. सॅन फ्रान्सिस्कोतील स्थानिक डॉक्टरांच्या संघाने ४०८ रुग्णांवर तीन मात्रांची तुलना केली. दर चार आठवड्यांनी ३०० मिलीग्रॅम ही मात्रा सर्वाधिक परिणामकारक ठरली. मोठ्या विद्यापीठीय केंद्रांबाहेर घडलेल्या या कामाच्या आधारे जून १९८९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या उपचारास मान्यता दिली.

७/ या मार्गालाही मर्यादा होत्या. तुषार फुप्फुसांच्या वरच्या भागात कमी पोहोचत आणि आजार नेमका तेथे पुन्हा डोके वर काढी. फुप्फुसांबाहेर पसरलेल्या जंतूला हे औषध रोखू शकत नसे. रुग्णाला क्षयरोग असल्यास खोकल्याच्या उबळीमुळे दवाखान्यातील इतरांना संसर्गाचा धोका होता. १९९२ मध्ये तुलनात्मक चाचणीत जुनी स्वस्त गोळीच सरस ठरली.

८/ म्हणून ही कथा एखाद्या चमत्कारी औषधाची नव्हे. जी गोळी अखेर श्रेष्ठ ठरली, तिचा गुण एड्सची साथ सुरू होण्यापूर्वीच ज्ञात होता. तो या रुग्णांना लागू करायचा की नाही, हे ठरण्यात वर्षे गेली. नेब्युलायझरच्या चाचणीने मात्र उपचारांचे प्रमाण रुग्णांच्या शेजारच्या दवाखान्यातही सिद्ध करता येते, हे दाखवून दिले. ज्यांना ती गोळी सोसत नाही, त्यांच्यासाठी पेंटामिडीनचे तुषार आजही एक पर्याय आहेत. मात्रा तीच : ३०० मिलीग्रॅम, दर चार आठवड्यांनी.