यांत्रिक घड्याळाचें मोल

उपयोग सरला कीं वस्तूचें मोलहि सरतें, असा सामान्य समज आहे. यांत्रिक घड्याळाचा इतिहास त्यास अपवाद ठरतो. २५ डिसेंबर १९६९ रोजीं टोकिओंत सेइको कंपनीनें ‘ॲस्ट्रॉन’ हें क्वार्ट्झ स्फटिकाचें मनगटी घड्याळ विक्रीस मांडलें. सेकंदाला फार तर आठ-दहा ठोके देणारें चक्र कोठें आणि ८,१९२ वेळां कंप पावणारा स्फटिक कोठें! अचूकतेची स्पर्धा तेथेंच संपली. स्वित्झर्लंडांत या धंद्यावर १९७० सालीं सुमारें ९०,००० कामगार पोसले जात; पुढील दोन दशकांत त्यांपैकीं जेमतेम एक तृतीयांश उरले.

ल लोक्ल येथील झेनिथ कारखान्याच्या अमेरिकन मालकांनीं १९७५ सालीं यांत्रिक घड्याळांचें काम बंद करून त्याचीं हत्यारें मोडींत काढण्याचा हुकूम सोडला. शार्ल व्हेर्मो या कारागिरानें तो मानला नाहीं. साचे, हत्यारें व आराखडे त्यानें माळ्यावर दडवून ठेविले. त्यांच्याच आधारें १९८४ सालीं ‘एल प्रिमेरो’ हें यंत्र पुन्हा होऊं लागलें, आणि १९८८ सालीं रोलेक्सनेंहि तें आपल्या घड्याळांत घेतलें.

२०१४ सालीं जिनीव्हाच्या लिलावांत पाटेक फिलिपच्या एका जुन्या घड्याळास २ कोटी ३० लाख फ्रँकांहून अधिक किंमत आली. परंतु अशा आंकड्यांवरून भविष्य वर्तवूं नये. बाजाराची हौस चढते तशी उतरतेहि. झिजलेलें चाक नव्यानें घडवून घड्याळ पुन्हा चालतें करणारे हात जोंवर आहेत, तोंवरच त्याचें मोल. ती परंपरा तुटली, तर उरेल तें केवळ पेटीच्या सोन्याचें मोल.