गाण्याचे शब्द

मुशायऱ्यात दाद वेळेवर द्यावी लागते. शेर संपता संपता तोंडून ‘वाह’ निघाली पाहिजे. गेली काही वर्षे माझी दाद उशिरा पोहोचते. एका कानाने साथ सोडली आहे. लाऊडस्पीकरचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. मग मी शेजाऱ्याकडे पाहतो. त्याने मान डोलावली की मीही डोलावतो. कवीने ही चोरी किती दिवस करायची? म्हणून अमेरिकेतल्या एका खटल्याची हकीकत वाचली, तेव्हा ती मला फार जवळची वाटली.

२६ जुलै १९९० रोजी अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्याआधी मार्चमध्ये व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवून माणसे तिथल्या संसदेच्या पायऱ्या सरपटत चढली होती. ते दृश्य गाजले. त्यामुळे कायदा म्हटला की उतार आणि रुंद दारे, एवढेच डोळ्यांपुढे येते. पण नाट्यगृह, सिनेमागृह, स्टेडियम अशा लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी जागाही त्यात आहेत. अपंग माणसाला त्या जागेचा ‘पूर्ण आणि समान’ आनंद घेता यावा, ऐकू येत नसेल तर साहाय्यक साधने मिळावीत, असे कायदा म्हणतो. खर्च डोईजड होईल किंवा मूळ गोष्टच बदलून जाईल, हे मालकाने दाखवले तरच त्याची सुटका.

मेरीलँड राज्यात लँडओव्हर इथे नव्वद हजारांवर माणसे मावणारे फेडेक्स फील्ड हे स्टेडियम होते. वॉशिंग्टनचा फुटबॉल संघ तिथे खेळे. त्याचे तेव्हाचे नाव रेडस्किन्स. त्याच्या तीन कर्णबधिर चाहत्यांना ध्वनिक्षेपकावरचे काहीच कळत नसे. आवाज वाढवणारी यंत्रे तिथे मिळत, पण शून्याला कितीने गुणले तरी शून्यच! बोलले जाईल ते अक्षरांत दाखवा, एवढेच त्यांचे मागणे. ऑगस्ट २००६ मध्ये ते कोर्टात गेले.

आणि गंमत पाहा, खटला दाखल झाल्यावर मैदानाच्या मध्यरेषेजवळच्या पट्ट्यांवर अक्षरे उमटू लागली. मग संघ म्हणाला, आता वाद उरला कुठे? कोर्टाने ते ऐकले नाही. स्वखुशीने सुरू केलेले स्वखुशीने बंदही करता येते.

खरी अडचण पुढेच होती. पंचांचा निर्णय, चेंडू कोणाकडे, संकटाच्या वेळी बाहेर कसे पडायचे, हे लिहून दाखवावे हे कोणालाही पटेल. पण मध्ये मध्ये वाजणाऱ्या गाण्यांचे शब्द? माणसे खेळ पाहायला येतात, गाण्याच्या बोलांवाचून त्यांचे काय अडते, असा संघाचा मुद्दा होता. तो अगदीच पोकळ नव्हता. त्या गाण्यांत काव्य किती असेल, याबद्दल मलाही शंका आहे. पण २००८ मध्ये खालच्या कोर्टाने गाण्यांसकट सारे काही दाखवायला हवे असे म्हटले, आणि मार्च २०११ मध्ये अपील कोर्टाने ते कायम केले. संघ प्रेक्षकांना नुसता खेळ देत नाही, एक माहोल देतो, आणि गाणी त्या माहोलाचा भाग आहेत. शब्द फालतू आहेत की नाहीत, हे ज्याला ऐकू येते तो ठरवू शकतो. बहिऱ्यासाठी ते दुसऱ्याने का ठरवावे?

अपिलाचा निकाल ‘अप्रकाशित’ वर्गातला, म्हणजे पुढच्या कोर्टांवर बंधनकारक नसलेला. तरी मला तो मोठा वाटतो.

आपल्याकडे १९९५ चा कायदा होता, त्याच्या जागी २०१६ चा आला. त्याच्याच आधारावर जानेवारी २०२३ मध्ये काही जण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीत ऐकू न येणाऱ्यांसाठी अक्षरे आणि दिसत नसलेल्यांसाठी वर्णन द्या, असा आदेश झाला. थिएटरात मात्र तो होता तसाच लागला. थिएटरांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२४ मध्ये आली.

मुशायऱ्याचे काय? गेल्या वर्षी एका आयोजकाला मी भीत भीत विचारले, शेर मागच्या पडद्यावर लिहून दाखवता येतील का? त्याने फार अदबीने मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. लाऊडस्पीकरच्या अगदी समोर.