कृत्रिम पाय आणि गतिशीलता : खुब्यापासून केलेल्या अंगविच्छेदनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
कर्करोगामुळे खुब्याच्या सांध्यातून अथवा कटिअस्थीच्या अर्ध्या भागासह पाय काढणे ही अंगविच्छेदनाची सर्वांत वरची पातळी होय. अशा शस्त्रक्रियेचे यश आधी रुग्णाच्या जगण्यावर व नंतर त्याला मिळालेल्या कृत्रिम पायावर मोजले गेले. परंतु कृत्रिम पाय मिळणे आणि माणूस हिंडताफिरता होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
कटिअस्थीच्या अर्ध्या भागासह पाय काढण्याचा बिलरोथ यांचा १८९१ मधील प्रयत्न अयशस्वी ठरला. १८९५ मध्ये जिरार यांना यश लाभले. कृत्रिम पायाच्या क्षेत्रातील प्रगतीला मात्र दुसऱ्या महायुद्धाने चालना दिली. पुणे येथील कृत्रिम अवयव केंद्रही १९४४ मध्ये सैनिकांसाठीच स्थापन झाले. टोरोंटोच्या सनीब्रूक रुग्णालयात कॉलिन मॅकलॉरिन यांनी विकसित केलेली 'कॅनेडियन' रचना १९५४ मध्ये पुढे आली. तत्पूर्वीच्या पायात खुब्याचा सांधा कुलूपबंद करून चालावे लागे. मॅकलॉरिन यांनी तो सांधा नैसर्गिक जागेच्या पुढे व खाली बसविला. त्यामुळे उभे राहताना शरीराचा भार खुब्याच्या सांध्यामागून व गुडघ्याच्या पुढून जातो आणि कुलपाविना पाय स्थिर राहतो. सैनिकांच्या निमित्ताने घडलेल्या या संशोधनाचा लाभ कर्करुग्णांनाही झाला.

वापरातील मर्यादा :
येथे खुबा, गुडघा व घोटा हे तिन्ही सांधे कृत्रिम असतात. चालण्यास पुष्कळ अधिक शक्ती खर्च होते. कमरेला वेढणाऱ्या सॉकेटमुळे घाम व दाब यांचा त्रास होतो, जमिनीवर बसणेही अवघड जाते. म्हणूनच अनेकजण कृत्रिम पाय बाजूला ठेवून कुबड्या पसंत करतात. कुबड्यांवर त्यांचा वेगही बहुधा अधिक असतो.

लोकमानसातील प्रतिमा मात्र वेगळी आहे. अस्थिकर्करोगामुळे १९७७ मध्ये उजवा पाय गमावलेल्या टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाने १९८० मध्ये १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर धावून पार केले. त्याचे शौर्य वादातीत आहे. तथापि त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापलेला होता. खुबा व मांडीचा काही भाग शाबूत होता. ज्याला मांडीच उरलेली नाही, त्याला हाच मापदंड लावणे अन्यायकारक ठरते.

निष्कर्ष :
कृत्रिम पाय न वापरणे म्हणजे जिद्दीचा अभाव, असा निष्कर्ष काढता येत नाही. किती पाय वाटले याबरोबरच वर्षभरानंतर किती वापरात आहेत आणि कुबड्या घेतलेला माणूस कोठपर्यंत पोहोचू शकतो, याची नोंद होणे आवश्यक आहे. तळमजल्यावरील वर्ग, उतरंडीचा मार्ग व जिन्याला कठडा या साध्या सोयीही गतिशीलतेच्या इतिहासाचाच भाग आहेत. आपल्या महाविद्यालयांनी त्यांचा विचार याच दृष्टीने करावा.