आबादी आणि गावठाण

वर्गात ‘आबादी’ शब्द आला की मुले तो ‘आब’ म्हणजे पाण्याशी जोडून मोकळी होतात. आम्हीही पूर्वी तेच सांगत असू. खरे तर फारसी ‘आबाद’ हा राखणे, सांभाळणे या अर्थाच्या जुन्या इराणी धातूतून आला. उत्तरेकडच्या महसुली कागदांत घरे, अंगणे, गल्ल्या यांची जमीन ती आबादी, आपल्याकडे गावठाण. जुनी माणसे पिकाच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणत.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. इंग्रजांची मोजणी मात्र शेतसाऱ्यासाठी होती, म्हणून पांढरीतल्या घराला सातबारा नाही. उरतो ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो घरपट्टीपुरता, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. आमच्या दादांनी बांधलेल्या घराचा तेवढाच कागद. भावाच्या कर्जाचा अर्ज त्यावरूनच परत आला.

२४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावात ‘आबादी’ जशीच्या तशी आहे! ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. पण परस कोणाचे, हे ड्रोनला वरून कसे कळावे? आधी चुन्याची रेघ मारावी लागते. आमच्या परसाची रेघ अब्बांनी आणि शेजारच्या काकांनी मिळून मारली.