रांजणातला चोर

मेल्यावर काही उरतं का? या प्रश्नावरचा एक जुना ‘प्रयोग’ माझ्या डोक्यातून जात नाही. पाली दीघनिकायातल्या एका कथेत सेतव्या नगरीचा अधिपती पायासि भेटतो. परलोकावर त्याचा विश्वास नाही. त्यानं एका चोराला जिवंतच रांजणात कोंडलं, तोंड ओल्या कातड्यानं आणि मातीनं लिंपलं, रांजण भट्टीवर चढवला. चोर मेल्यावर हळूच उघडून पाहिलं. जीव बाहेर पडताना दिसला नाही. दुसऱ्याला मारण्याआधी आणि नंतर तोललं. प्रेतच जड भरलं.

भिक्षू कुमार कस्सपानं विचारलं, तुम्ही स्वप्नात हिंडता, तेव्हा जवळच्या दासींना तुमचा जीव येता-जाताना दिसतो का?

तराजू 1907 साली अमेरिकेत पुन्हा दिसतो. डॉ. डंकन मॅकडुगल यांनी 6 मरणासन्न रुग्णांना खाटेसकट तोललं होतं. पहिल्याचं वजन सुमारे 21 ग्रॅम घटलं. इतरांचे आकडे जुळले नाहीत, तरी 21 गाजला. पायासिला आत्मा नाही हे दाखवायचं होतं, डॉक्टरांना आहे हे.

कस्सप वाद जिंकतो. पण त्या चोरांसाठी कुणी हळहळत नाही. परलोक असो वा नसो, मला आधी तो रांजण उघडायचा आहे. आतला चोर जिवंत असताना.