शेतात दिवसभर राबतो, मग योग कशाला? शरीर, मन आणि आत्मा जोडणाऱ्या योगाची माहिती

२१ जून जवळ आला की गावात योग दिनाचे बॅनर लागतात आणि पारावर हमखास प्रश्न निघतो, 'दिवसभर खुरपं हातात असतं, आम्हाला कशाला पाहिजे योग?' योग म्हणजे नुसता व्यायाम धरला तर प्रश्न रास्त आहे. पण योग तेवढाच नाही.

'योग' हा शब्द संस्कृत 'युज्' धातूपासून आला. त्याचा एक अर्थ जोडणे. बैलांच्या मानेवरचं जू, हा शब्दही त्याच मुळातला. एक बैल इकडे, दुसरा तिकडे ओढायला लागला तर तास सरळ निघत नाही. माणसाचंही तेच होतं. हात कामात, डोकं मात्र सोसायटीच्या कर्जात नाहीतर मोबाईलमध्ये. 'युज्'चा दुसरा अर्थ चित्त एकाग्र होणे, आणि पतंजलींच्या योगसूत्रांवरचं जुनं भाष्य हाच अर्थ धरतं.

योगसूत्रं सगळी मिळून सुमारे १९५. त्यात आसनाविषयी थेट बोलणारी फक्त तीन! स्थिर आणि सुखानं बसता यावं, एवढीच तिथे आसनाची अपेक्षा आहे. योगाची अंगं आठ: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. आसनाच्या आधी यम-नियम येतात, हे बॅनरवर कुणी लिहीत नाही. खोटं न बोलणं, दुसऱ्याचं न घेणं, हे यमात येतं. रात्री शेजाऱ्याचा बांध कोरायचा आणि पहाटे प्राणायामाला बसायचं, हे पतंजलींच्या हिशेबात बसत नाही. मनातल्या लाटा शांत झाल्या की पाहणारा, म्हणजे द्रष्टा, आपल्या मूळ रूपात राहतो, असं हे शास्त्र मानतं. आत्म्याचा संबंध येतो तो इथे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली आणि ती ज्ञानेश्वरांपर्यंत आली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाची जागा, बैठक, कुंडलिनी यांचं सविस्तर वर्णन आहे. पुढे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणांनी तपासायला सुरुवात केली.

आता शेतकऱ्याच्या अंगाचं. खुरपणी, लावणी, ऊसतोड, सगळं वाकून. कंबर तासन् तास एकाच बाजूला वाकते, तेच तेच स्नायू ओढले जातात. त्यामुळे मेहनत भरपूर होऊनही पाठ आखडते. भुजंगासन, मकरासन यांत पाठ उलट्या बाजूला वळते, म्हणून ती वाकून काम करणाऱ्याला जास्त उपयोगी. श्वासाचंही साधं आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. म्हणून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला की जीव शांत होतो. प्राणायाम म्हणजे शरीर आणि मन यांच्यामधला सांधा म्हणतात ते यामुळेच.

एका गोष्टीत मात्र गावोगाव घोळ होतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून लोक जोरजोरात कपालभाती करतात. हठयोगप्रदीपिकेत कपालभाती प्राणायामात नाही, षट्कर्मांत म्हणजे शुद्धिक्रियांत आहे. बीपी, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू असेल किंवा बाई गरोदर असेल तर कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं आणि शीर्षासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मणक्याची गादी सरकलेल्यांनी पुढे वाकायची आसनं टाळावीत. आणि योग सुरू केला म्हणून बीपीची किंवा शुगरची गोळी परस्पर बंद करू नये. यात जीव जाऊ शकतो.

सुरुवात पंधरा मिनिटांनी करावी. पहाटे धारा काढायच्या आधी, पोट रिकामं असताना. जेवण झालं असेल तर तीन-चार तास जाऊ द्यावेत. घोंगडी किंवा सतरंजी चालते, महागडी मॅट लागत नाही. आधी सांधे मोकळे करावेत, मग ताडासन, भुजंगासन दोन-तीनदा, थोडा वेळ शवासन. शेवटी पाठ ताठ ठेवून बसावं आणि श्वास आत-बाहेर होतो तो नुसता बघावा. मन पळेल, पळू द्यावं, परत आणावं. मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्चीवर बसलं तरी चालतं. जिथे दुखतं तिथे थांबावं.

आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव मिळालेल्या उपकेंद्रांच्या कामात योगाचाही समावेश आहे. आपल्या गावात सत्र कोणत्या दिवशी असतं, हे आशाताईंना विचारावं. नसेल तर ग्रामसभेत मागणी करता येते.